जात्याची घरघर आणि विजेची घरघर

मंडळी, समजा तुमच्या शाळेने ठरवले की गावातल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. यात जगावेगळे काही नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायांच्या आवाजातच जपून ठेवलेल्या आहेत. मग तुमच्याच गावच्या आजीबाईंनी काय घोडे मारले आहे? शाळेत संगणक आहे, हौशी गुरुजी आहेत. मायक्रोफोन आला. अडगळीतले जाते काढून धुतले, मांडले. आजी बसल्या, आणि एकदा खुंटा हातात आल्यावर तास-दीड तास उठल्याच नाहीत.

पुढे पंधरा दिवसांनी गावच्या कार्यक्रमात तेच ध्वनिमुद्रण मोठ्या स्पीकरवर लावले, तो आजींच्या आवाजाखालून दुसरीच एक घरघर ऐकू येऊ लागली. ही जात्याची म्हणावी, तर जाते थांबते, आजी पदराने घाम पुसतात, दोन दाणे टाकतात, तरी घरघर चालूच. शाळेतल्या संगणकाच्या चिमुकल्या स्पीकरवर ती कोणाला ऐकूच आली नव्हती, कारण इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरला काढताच येत नाही. आता आजींना पुन्हा बसवावे म्हटले, तर त्या अंथरुणाला खिळलेल्या.

ही घरघर विजेची. ती मागाहून गाळून काढता येत नाही का, असे तुम्ही विचाराल. थोडी येते. पण आपल्या घरची वीज सेकंदाला 50 फेरे घेते, आणि तिची घरघर एकट्या 50 वर थांबत नाही. 100, 150, 200, 250 अशी तिची पिलावळ असते. बाईच्या आवाजाचा मूळ स्वर 200 च्या आसपासच वावरतो. तांदळातले खडे वेचता वेचता तांदूळही सुपाबाहेर जावेत, तसा हा प्रकार होतो. शिवाय जात्याचाही आवाज खालचाच. तो तर आपल्याला हवा आहे.

म्हणून घरघर ध्वनिमुद्रणात शिरण्याआधीच अडवावी लागते. ती अडवण्याचा खटाटोप आजचा नाही. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. संगणकासाठी वीजपुरवठा कोणता घ्यावा, हे ज्याला ठरवायचे आहे त्याने आधी ही हकीकत ऐकावी. दुकानदार ती सांगत नाही, आणि पुष्कळदा त्याला ती ठाऊकही नसते.

मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्या काळचा रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा संच, आणि त्याला एक सोडून तीन तऱ्हेच्या बॅटऱ्या लागत. पहिली व्हॉल्व्हमधली तार तापवायला. दुसरी उंच दाबाची, नव्वद-शंभर व्होल्टची किंवा त्याहूनही वरची, खरे काम करणारी. तिसरी लहानशी, व्हॉल्व्हला आवर घालण्यापुरती. तार तापवणारी बॅटरी बहुधा शिशाची नि आम्लाची. ती उतरली की उचलून भरून आणावी लागे, आणि आणताना आम्ल सांडले तर धोतराची चाळण. खर्च होता, कटकट होती. पण एक गोष्ट अशी होती की पुढे कित्येक वर्षे लोक तिच्यासाठी झुरले. त्या संचात घरघर नव्हती. बॅटरीतून निघणारा प्रवाह एका दिशेने आणि एकसारखा वाहतो, त्याला फेरे नाहीत.

मग शहरातल्या लोकांच्या मनात सहाजिकच आले की घरात तारेतून वीज येते आहे, तीच रेडिओला का देऊ नये? इथून खरी गोष्ट सुरू होते.

तारेतली वीज कधी इकडे, कधी तिकडे अशी वाहते. तिला एका दिशेने वळवायचे तर झडप हवी. अशी झडप जॉन ॲम्ब्रोझ फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1904 साली करून ठेवलीच होती. व्हॉल्व्ह हे नावही तिच्यावरूनच पडले. झडपेने दिशा सुधारते, पण एकसारखेपणा येत नाही. आपल्याकडची मोट आठवा. मोट वर येते, भडाभडा ओतते, रिकामी होते, पुन्हा खाली जाते. पिकाला असे हिसक्या-हिसक्याने पाणी गेले तर वाफे फुटतील. म्हणून विहिरीच्या काठी थारोळे असते. मोट थारोळ्यात ओतते आणि थारोळ्यातून पाटाला पाणी सावकाश लागते. विजेच्या कामात थारोळ्याची जागा कंडेन्सर घेतो. आणि पाटाच्या तोंडाशी दगड लावून लोंढा अडवतात, तो दगड म्हणजे चोक, लोखंडावर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. झडप, थारोळे आणि दगड: शंभर वर्षांपूर्वीचा वीजपुरवठा एवढाच होता, आणि खरे सांगायचे तर आजचाही एवढाच आहे.

थारोळे लहान असले तर पाटात मोटेचा हिसका जाणवतो. रेडिओत तोच हिसका घरघर होऊन बाहेर पडे. त्या वेळचे कागदी कंडेन्सर आकाराने मोठे नि पोटाने लहान. 1930 च्या सुमारास रासायनिक कंडेन्सर प्रचारात आले, तेव्हा लहान डब्यात मोठे थारोळे मावू लागले आणि घरघर बरीच खाली गेली. पण हे डबे आतून सुकतात. जुना रेडिओ चालता चालता एकाएकी घरघरू लागला की जाणता कारागीर पहिल्याने कंडेन्सर बदलून बघतो, त्याचे कारण हेच.

व्हॉल्व्हची तार तापवण्याचे काम मात्र याहून अवघड निघाले. तारेतून सरळ फेऱ्यांची वीज सोडली की तीच तार रेडिओत बडबड करी. यावर तोड अशी निघाली की तापणारी तार वेगळी आणि काम करणारी नळी वेगळी ठेवायची. तारेने नळीला नुसती ऊब द्यायची. चुलीतला जाळ कमीजास्त झाला म्हणून जाड बुडाचे पातेले लगेच थंडगरम होत नाही, तशातली ही युक्ती. फ्रेडरिक मॅकलॉ नावाच्या अमेरिकन माणसाने असा व्हॉल्व्ह केला, त्याचे हक्क कॅनडातल्या टोरांटो शहरच्या एडवर्ड रॉजर्स या तरुणाने घेतले, आणि त्यात सुधारणा करून 1925 साली बिनबॅटरीचा रेडिओ बाजारात आणला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. गंमत पाहा, त्या मुलखातली वीज सेकंदाला 50 किंवा 60 नव्हे, तर 25 च फेऱ्यांची होती. म्हणजे मोट आपल्या निम्म्याने हळू, आणि थारोळे दुपटीने मोठे हवे. अशा अडचणीच्या जागी बसून त्याने ते साधले. पुढे 1927 साली त्याने स्वतःचे ध्वनिक्षेपण केंद्र काढले, तर त्याच्या नावातही "रॉजर्स बॅटरीलेस" या शब्दांची आद्याक्षरे घातली. बॅटरी नसणे हीच केवढी मोठी जाहिरात होती, हे त्यावरून कळते. हा माणूस 1939 साली अडतिसाव्या वर्षी वारला.

तरीही घरघर पुरती गेली नव्हतीच. 1930 नंतरच्या रेडिओंतली एक करामत मला फार आवडते. त्या वेळच्या मोठ्या स्पीकरांना कायमचा लोहचुंबक नसे. तारेचे वेटोळे असे, आणि त्यातून प्रवाह सोडला की ते चुंबक होई. हुशार कारागिरांनी तेच वेटोळे वीजपुरवठ्यात चोक म्हणून वापरले. एक वस्तू वाचली. पण मग हिसके थेट स्पीकरच्या पोटातच पोचू लागले. त्यावर उपाय म्हणून त्याच स्पीकरमध्ये एक चिमुकले वेटोळे उलट्या बाजूने गुंडाळून जोडले. एक घरघर पुढे ढकली, तर दुसरे वेटोळे तेवढेच मागे ओढी, आणि दोहोंची मारामारी होऊन कानाला काही ऐकू येत नसे. घरघर नाहीशी झाली नव्हती बरे का. ती नुसती फिटंफाट झाली होती.

आपल्याकडे ही सगळी सुधारणा शहरांपुरती. खेड्यात तारच पोचली नव्हती, तेव्हा गावच्या रेडिओला बॅटरीच. 1956 साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवून प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसांत बोलायचे, आणि प्रश्न असतील ते केंद्राला कळवायचे. युनेस्कोने या प्रयोगाला पाठबळ दिले होते, आणि तो साऱ्या जगात नावाजला गेला. वीज नसलेल्या गावात बॅटरी उतरली की कार्यक्रम बुडाला, ही हळहळ त्या काळी नित्याची. पण जेव्हा तो संच चालत असे, तेव्हा शेतीवरचे भाषण त्यातून अगदी स्वच्छ, विजेच्या घरघरीविना ऐकू येई. हे सुख वीज आलेल्या शहरवाल्याला मिळायचे तर चांगला नि महाग संच घ्यावा लागे.

नंतर ट्रान्झिस्टर आला. तो 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्माला आला, आणि 1954 साली तिकडे खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला निघाला. आपल्याकडेही तो पुढे बैलगाडीच्या जूवर नि बांधावरच्या बाभळीवर लटकला. आता तापवायची तार नाही, शंभर व्होल्ट नाहीत. चार मसाल्यांत काम भागू लागले. म्हणजे पुन्हा बॅटरी, आणि पुन्हा शांतता. तारेच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांतही ट्रान्झिस्टरने एक नवा रखवालदार दिला. थारोळ्यातून येणारे पाणी तरी थोडे खालीवर होतेच. हा रखवालदार पाटाच्या तोंडाशी उभा राहून ठरल्यापेक्षा जास्त आलेले तेवढे अडवून धरतो. 1969 साली बॉब विडलर या अमेरिकन अभियंत्याने पाच व्होल्टचा असा सबंध रखवालदार तीन पायांच्या एका बोटभर वस्तूत बसवला. अशा वीजपुरवठ्याला आज "लिनिअर" म्हणतात. तो फार शांत असतो. त्याचा दोष एवढाच की अडवलेली वीज तो उष्णता करून फुकट घालवतो. नऊ व्होल्टचे पाच करायचे तर नवातले चार गेले, म्हणजे जवळजवळ निम्मी वीज निव्वळ तापण्यात. आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाचा गोळाच.

संगणकाची भूक मोठी. त्याला हे परवडेना. तेव्हा कारागीर लोकांनी एक जुनीच कल्पना नव्याने काढली. मोटारीतल्या रेडिओत 1930 च्या सुमारास व्हायब्रेटर नावाचे खटके मारणारे पाते असे. ते बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभराच्या वर वेळा तोडी-जोडी, म्हणजे मग ट्रान्सफॉर्मरने त्याचा दाब वाढवता येई. गुणगुणे फार, आणि रेडिओत खरखर सोडी ती वेगळीच. पात्याच्या जागी वेगवान ट्रान्झिस्टर बसवला आणि शंभराऐवजी हजारो वेळा तोडजोड केली, की झाला आपला एस.एम.पी.एस. मोटेच्या दाखल्याने सांगायचे तर मोट टाकून वाटीने पाणी उपसायचे, पण सेकंदाला पन्नास हजार, लाख वेळा. मग थारोळे परातीएवढे पुरते आणि लोखंडाचा गोळा लिंबाएवढा होतो. मोठाल्या यंत्रांत ही रीत आधीपासून होती. घरगुती संगणकात ती ठळकपणे आली ती 1977 सालच्या ॲपल-टू या यंत्रात. त्याचा वीजपुरवठा रॉड होल्ट यांनी रचला. कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झना संगणकात पंख्याचा आवाज नको होता, आणि हा पुरवठा कमी तापणारा, म्हणून ते जमले. 1981 साली आय.बी.एम.चा संगणक निघाला, त्याचाही पुरवठा याच जातीचा, 63.5 वॉटचा, त्याला मात्र पंखा होता. 1995 साली इंटेल कंपनीने ए.टी.एक्स. नावाचा साचा ठरवून दिला, आणि टेबलावरच्या संगणकांत पुढे तोच रुळला.

आता या साच्यातला एक आकडा शिक्षकांनी फळ्यावर लिहावा असा आहे. बारा व्होल्टच्या तारेवर 120 मिलिव्होल्टपर्यंत आणि पाच व्होल्टच्या तारेवर 50 मिलिव्होल्टपर्यंत हिसका असला तरी ए.टी.एक्स.च्या नियमाने पुरवठा पास. उलट बाजूला, 1982 साली आलेल्या सीडीच्या तबकडीवरचा आवाज 65,536 पायऱ्यांत मोजलेला असतो. सीडीच्या यंत्रातून आवाज दोन व्होल्टने बाहेर पडतो असे धरले, तर एक पायरी साधारण 86 मायक्रोव्होल्टची भरते. पन्नास मिलिव्होल्टात अशा पायऱ्या किती? सहाशेच्या आसपास! हे वाचून घाबरू नका. पुरवठ्यातला हिसका आवाजात जसाच्या तसा उतरत नाही. आवाजाच्या भागाला स्वतःचे थारोळे नि रखवालदार असतात. शिवाय लाख फेऱ्यांचा स्वर माणसाला ऐकूच येत नाही. आपला कान फार तर वीस हजारांपर्यंत. पण स्वस्तातल्या यंत्रात हे रखवालदार झोपाळू असतात, आणि संगणकाचे काम कमीजास्त होईल तसा हिसकाही बदलतो. पडद्यावर बाण हलवला की कानात बारीक "किर्र" होते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल.

येथे मला माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. संगणकासाठी म्हणून फार महाग लिनिअर पुरवठे विकले जातात, आणि ते घेतले की आवाज स्वर्गीय होतो असे सांगितले जाते. सगळे खोटे नाही. पण संगणकाच्या आत, मुख्य पाटीवरच, बारा व्होल्टचे एक व्होल्ट करणारे आणखी खटकेवाले पुरवठे बसलेले असतात. मेंदूला वीज तेच देतात. बाहेर कितीही शांत पाणी आणले तरी आत वाट्या चालूच. त्यापेक्षा आवाजाचा भाग संगणकाच्या पेटीतून बाहेर काढावा, म्हणजे बाहेरून जोडायचे ध्वनिमुद्रणाचे लहान यंत्र घ्यावे, आणि जमल्यास त्याला स्वतःचा चांगला पुरवठा द्यावा. थोड्या पैशात जास्त गुण येतो.

पंख्याचाही आवाज आहेच, आणि तो मायक्रोफोनमधून आत येतो. त्याला कोणताही कंडेन्सर अडवणार नाही. टेबलावरच्या संगणकाचा पुरवठा निवडताना "80 प्लस" ही खूण पाहावी. 2004 साली ही पद्धत सुरू झाली. तिचा अर्थ असा की शंभर भाग वीज घेतली तर निदान ऐंशी भाग कामाला लागते. वाया कमी, म्हणून ताप कमी, म्हणून पंखा सावकाश. पंखा मोठा असावा. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने फिरावे लागते. संगणक साठ-सत्तर वॉटचा असेल तर हजार वॉटचा पुरवठा घेणे म्हणजे एका शेळीसाठी दहा बैलांचा गोठा बांधणे; थोड्या भारावर तो वीजही जास्त खातो. पण अगदी काठोकाठही घेऊ नये, भार पुरवठ्याच्या निम्म्याखाली राहिला तर पंखा गुमान फिरतो. आणि एक ताकीद: पुरवठ्याची पेटी मुलांना उघडू देऊ नका, आपणही उघडू नका. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे 325 किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ दबा धरून बसतात.

हे सारे झाले तरी घरघर राहते, आणि पुष्कळदा दोष पुरवठ्याचा नसतोच. संगणक एका भिंतीच्या सॉकेटात, ध्वनिवर्धक दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटात. दोघांनाही अर्थिंग. दोन्ही अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो, आणि मध्ये आवाजाची तार जोडली की त्या फरकाला वाट मिळते. त्या वाटेने 50 फेऱ्यांचा प्रवाह आवाजाच्या तारेतूनच गोल फिरू लागतो. लोक पुरवठा बदलतात, तार बदलतात, आणि घरघर तशीच. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावून पाहा. बहुधा आवाज अर्ध्याहून खाली येतो. तेवढ्याने न भागले तर आवाजाच्या तारेत दोन बाजू तोडणारा लहानसा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो घालावा. दोन्ही यंत्रांना सोय असेल तर प्रकाशाच्या तारेने जोडावे. 1983 पासून ती आहे, आणि काचेतून किंवा प्लॅस्टिकातून वीज वाहत नाही. मात्र कोणी "अर्थिंगची पिन तोडून टाका, घरघर जाते" असा सल्ला देईल. घरघर जाते हे खरे, पण यंत्रात बिघाड झाला तर माणूसही जातो. हा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नका.

याच्या उलट, शाळेला धड अर्थिंगच नसले तर? चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात, असे मुले सांगतात. चार्जरमधल्या एका बारीक कंडेन्सरमधून थोडी वीज अंगावर येत असते, आणि अर्थिंग असते तर ती जमिनीत गेली असती. तीच मायक्रोफोनच्या तारेतही शिरते. अशा वेळी नवा पुरवठा आणण्याआधी वायरमनला बोलवावे.

खेड्यातला आणखी एक त्रास म्हणजे इन्व्हर्टर. जुन्या किंवा स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलाईने खालीवर होत नाही, पायऱ्यांनी होते. तिच्यावर लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा अंगाने गुणगुणतो आणि ध्वनिवर्धकात करकर होते. गंमत अशी की एरवी शांत म्हणून वाखाणलेला लिनिअर पुरवठाच इथे जास्त ओरडतो.

आता हे तपासायचे कसे? शाळेकडे मोजमापाची यंत्रे नसतात. पण कोणाच्या तरी घरी मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर असतो. तो दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि चार्जरजवळ, एल.ई.डी. दिव्याजवळ, संगणकाच्या पुरवठ्याजवळ नेऊन धरा. जो जास्त खरखर करील तो गुन्हेगार. मोठ्या नावाचे नि बिननावाचे असे दोन चार्जर एकामागून एक धरून पाहिले तर वर्गाला चांगला अर्धा तास पुरेल असा हा धडा आहे. आज घरोघरी रेडिओ धड लागत नाही, त्यातला बराच दोष या बिननावाच्या चार्जरांचा नि दिव्यांचा असतो, हेही मुलांना त्यात कळेल.

आणि ओव्यांचे? शक्य असेल तर लॅपटॉप रात्रभर भरून ठेवा, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी चार्जर नुसता बंद न करता भिंतीतून काढून बाजूला ठेवा. लॅपटॉप नसेल तर मसाल्यावर चालणारे ध्वनिमुद्रणाचे यंत्र कुठून तरी मागून आणा. शंभर वर्षे फिरून आपण पुन्हा बॅटरीपाशी येतो, पण यात कमीपणा मानू नका. खोलीतले ट्यूबलाइट विझवा, फ्रिज असेल तर तो बंद करा, पंप कोणी सुरू करणार असेल तर त्याला थांबायला सांगा. कानावर बसणारे हेडफोन लावा. संगणकाच्या स्पीकरवर विसंबू नका. मग पोरांना गप्प करून आधी दहा सेकंद नुसती शांतता मुद्रित करा आणि ती हेडफोनवर आवाज पूर्ण वाढवून ऐका. बाहेरची चिमणी ऐकू येईल, आजींच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येतील. त्याखाली काही नसले, म्हणजे आजींना खूण करा.